बाजूचे तीन दिवस

वडगावात सकाळी लाईट आली की
गल्ली एकदम बोलायला लागते, खटक् खटक्,
आणि मी चरख्यापुढं बसते.
कांडी भरायची, काढायची, दुसरी लावायची.
एकतीस वर्षं हाच वाक.
कंबरेखाली डावीकडं एक तार आहे,
ती पायाच्या करंगळीपर्यंत ओढली जाते.
ताणा असाच असतो म्हणून कुणाला बोलले नव्हते.

सिव्हिलमध्ये ही लाईन. हातात मोठं पाकीट,
पाकिटात माझा कणा, काळा-पांढरा.
हिरेमठ बाईंनी तो उजेडापुढं धरला.
मला वाटलं, रीळ रचून ठेवलेत एकावर एक.
मधल्या फटी गुबगुबीत. फक्त खालच्या दोन
चपट्या, काळपट,
तव्यावर राहून गेलेल्या भाकरीसारख्या.

"मुट्टु निंतावेन्री?" त्यांनी विचारलं.
पाळी थांबली का.
शेजारी सून बसलेली, स्नेहल.
तिला कन्नड माझ्यापेक्षा चांगलं येतं.

आता खरं सांगायचं झालं तर
आमच्या घरात अजून तीन दिवस बाजूला बसतात.
सासूबाईंचा नियम.
मागच्या खोलीत चटई, वेगळा तांब्या,
कांडीला हात नाही, चुलीला नाही.
लग्न होऊन आले तेव्हा रडले होते त्या चटईवर.
मग कधीतरी कळलं की
अख्ख्या महिन्यात माझी पाठ
दिवसाउजेडी तिथंच काय ती जमिनीला टेकते.

तर पाळी गेली त्याला दोन वर्षं झाली.
मी सांगितलंच नाही.
दर महिन्याला ठरवून उठायचे आणि म्हणायचे, "मी बाजूला."
एकदा तर बाविसाव्या दिवशीच म्हटलं,
दसऱ्याच्या ऑर्डरीत कंबर पार गेली होती.
डाग नसलेलं कापड धुवायचे, दोरीवर दिसावं म्हणून.
रात्री अंगातून वाफ निघायची, पांघरूण फेकायचे,
सासूबाई म्हणायच्या, पन्नाशी झाली तरी हिची उष्णता जाईना.

"दोन वर्षं," मी बाईंना म्हटलं. हळू.
स्नेहलनं मान वळवली नाही.

बाई समजावत गेल्या, अर्धं कन्नड, अर्धं मराठी.
मणक्यामणक्यात उशी, उशीत पाणी.
पाळीच्या मागं जे हार्मोन असतंय ना अक्का,
ते त्या पाण्याला धरून ठेवायला मदत करतंय.
ते आटलं की उशी सुकायला लागते, हाडंही विरतात.
सगळा दोष त्याचाच नाही हं,
एकतीस वर्षांचा वाक कुठं जाईल?

मी शिकले नाही फार, पण हे कळलं.
एप्रिलमध्ये सूत कोरडं पडतं, पटापट तुटतं,
म्हणून आम्ही मागाखाली पाणी शिंपडतो,
गोणपाट ओलं करून टाकतो.
सुताची एवढी काळजी घेतली.

बसमध्ये ती खिडकीकडं बघत होती.
गोवावेसला म्हणाली,
"वर्षभर त्या दिवसांत तुमचं काम मी केलं.
कांड्या, भाकरी, सगळं."
"केलंस."
पुढं काही नाही. बस वळली.

आता सकाळी मी आडवी होते, गुडघे दुमडून,
कंबर उचलते, दहा मोजते, खाली.
चरखा विटांवर चढवलाय, बसायला स्टूल आलंय.
तार आहे अजून. कधी कमी ओढते, कधी रात्रभर.

काल सासूबाई जेवत होत्या.
स्नेहल कॅलेंडरपुढं उभी राहिली
आणि मोठ्यानं विचारलं,
"आत्या, या महिन्यात तुमची तेवीस ना?"
मी भाकरी थापत होते. हात थांबला.
"तेवीसच," म्हटलं.
तिनं कपाळावरची टिकली काढली
आणि तेवीसवर चिकटवली.